काळी बोटं

एर्लांगेनला, युरो नवा होता तेव्हा, आमच्या खाली एक जर्मन आजोबा राहत. ऑक्टोबरात हात सदा खिशात. चुकून बाहेर आले तर बोटं काळीकुट्ट. भरलेली पिशवी घेऊन सायकलवरून नदीकडे जात, रिकामी घेऊन येत. काही विचारलं की "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", एवढंच. "हा माणूस काहीतरी पुरतो," मी बायकोला म्हणालो.

एका शनिवारी मी त्यांच्या मागे गेलो. ते काठावरच्या ओल्या मातीत अक्रोड पुरत होते. "हा अक्रोड इथल्याच झाडाचा," पहिल्यांदाच पुरं वाक्य बोलले आणि एक हिरवं फळ मला दिलं. मला ठाऊक होता तो काश्मीरचा, सुका अक्रोड. मी नखांनी साल सोलली; तिच्या रसानं बोटं काळी पडली, साबणानंही निघेनात.

सोमवारी ऑफिसात माझे हात खिशात होते. कुणी विचारलंच, तर "गेनाऊ" म्हणणार होतो.