अजिनाथचा खांदा

अजिनाथ पाथर्डीकडचा. मी तिकडे शिक्षक असताना माझ्या वर्गात होता, म्हणजे पटावर होता. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि ऊन तापल्यावर परत यायचा. अक्षर मात्र नेटकं होतं.

पुढे लग्न झालं आणि तो दिपालीला घेऊन त्याच कामाला लागला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. तो पुढे वाकून तोडायचा, ती मागे, त्याच्या उजव्या अंगाला, ऊस गोळा करून मोळी बांधायची. राहात्याकडच्या एका फडात कुणीतरी मागून हाक मारली आणि अजिनाथ हातातल्या कोयत्यासकट गर्रकन वळला. दिपालीच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या दिवसापासून वळत नाहीत. पुढच्या हंगामाला मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता घेऊन काय करू?"

मग दोघं नगरला आली. शहराबाहेरच्या एका गोल्फ मैदानावर अजिनाथला गवत कापायच्या मशीनवर काम मिळालं. कुणीतरी टाकून दिलेल्या काठीने तो सुटीच्या वेळी चेंडू मारू लागला. पुण्याहून शिकवायला येणाऱ्या पंकजा मॅडमनी ते पाहिलं. मैदानाला नवशिक्यांसाठी कायमचा शिक्षक हवा होता. त्यांनी अजिनाथचं नाव सुचवलं. कमिटीने चेंडू मारून दाखवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी तो नगरातच, सावेडीला माझ्या घरी आला. "गुरुजी, जमलं तर मला पन लोक सर म्हनतील," असं म्हणून स्वतःच लाजला.

अडचण एकच होती. तो नुसत्या हाताने मारायचा, खांदा फिरत नव्हता. माझ्या गच्चीवर तो सराव करू लागला. केरसुणीचा दांडा छातीवर आडवा धरून मला समजावायचा, "काठी हातानं मागं न्यायची न्हाई, गुरुजी. डावा खांदा हनुवटीखाली आला पायजे, पाठ झेंड्याकडं, म्हंजी चेंडू जिथं न्यायचा तिकडं. मंग काठी आपसूक येती." हळूहळू खांदा फिरू लागला. दोघं जवळच राहायची; चहा घेऊन दिपाली वर आली की तो दांडा भिंतीला टेकवायचा. चहाला मान देतोय, असं मला वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी मीही गेलो. फाटकावरच्या गोरक्षनाथने त्याला टोकलंच, "काय अजिनाथ, मोळी बांधायला कोन हाय?"

"तूच ये की, रिकामाच हायेस."

पहिले चेंडू सुरेख गेले. पाठ पूर्ण झेंड्याकडे वळत होती. कमिटीतले लोक खुर्चीत सरसावून बसले. तेवढ्यात दिपाली आली. तिला यायला सांगितलं नव्हतं, पण नवं लुगडं नेसून, डबा घेऊन ती आली. मैदानावर उभं राहायला जागा काय कमी होती? ती दोरीबाहेर जाऊन उभी राहिली, त्याच्या मागे, उजव्या अंगाला. चांगली लांब होती, धोका कसलाच नव्हता. तिची जागा तीच, एवढंच तिच्या पायांना ठाऊक.

अजिनाथने काठी मागे नेली. ती त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात दिसली असणार. खांदा अर्ध्यावर थांबला. नुसते हात खाली आले आणि चेंडू गवतातून सरपटत गेला.

"अजिनाथ, पाठ! पाठ फिरव!" मॅडम ओरडल्या.

"व्हय मॅडम."

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा.

"अहो, हा तर ऊस तोडतोय!" खुर्चीतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दिपालीने डावा हात पदराखाली घेतला.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "अवो, मी आले म्हनून झालं का?"

"न्हाई गं. खांदाच धरलाय, वाऱ्यानं."

"वाऱ्यानं," ती म्हणाली.

ती जागा कमिटीतल्या एकाच्या भाच्याला मिळाली. अजिनाथ त्याचे चेंडू गोळा करून देतो आणि त्याला सर म्हणतो. दिपाली डबा गोरक्षनाथच्या हाती देऊन फाटकावरूनच परत फिरते. आत ये म्हणून अजिनाथने बराच आग्रह केला. "तुमचं काम चालू द्या," एवढंच ती म्हणते.

परवा मी सहज गेलो होतो. मैदान रिकामं झालं होतं. अजिनाथने मशीन थांबवलं, काठी काढली. डावा खांदा हनुवटीखाली आला, पाठ झेंड्याकडे वळली. चेंडू सरळ झेंड्यापाशी जाऊन पडला.

"पाहिलं का, गुरुजी?"

"पाहिलं रे."

त्याने उजव्या अंगाला मागे वळून पाहिलं. तिथे नुसतं गवत होतं. मग तो मशीनवर चढला आणि राहिलेलं कापू लागला.