बापांच्या नावांचा वर्ग

धामणगाव बढ्याचे गणिताचे सर फळ्यावर एक ओळ लिहिली की लगेच बाजूला सरकायचे. मागच्या बाकावरच्यांना दिसावं म्हणून लागलेली ही नोकरीभराची सवय. ऑनलाइन वर्गात मात्र त्यामुळे ते मोबाइलच्या चौकटीबाहेर जायचे. पडद्यावर नुसता फळा आणि बाजूने कुठून तरी आवाज. मुलं ओरडायची, "सर, तुम्ही दिसून नाही राह्यले!" सर म्हणायचे, "मले पाहून काय करता बे? फळा पाहा."

शाळा बंद होत्या, सर निवृत्त होते, आणि त्यांना कोणी शिकवा म्हटलेलं नव्हतं. तरी दहावीच्या मुलांना ते रोज सकाळी शिकवत. नांदुऱ्यात आमची मुलगी गौरी त्या वर्गाला बसायची. मी अडत दुकानाचे हिशेब लिहितो. तेव्हा तेही घरूनच चाले, त्यामुळे वर्ग माझ्याही कानावर पडे.

हजेरीला खरी गंमत यायची. फोन बापांचे, म्हणून पडद्यावर नावंही बापांची. "गजाननराव, या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सांगा," असं सरांनी म्हणावं आणि बारीक आवाजात उत्तर यावं. एकदा खरोखरच एक बाप बोलला, "सर, पोरगं म्हशीकडे गेलं. मले नाही येत."

"मंग तुम्ही बसा. शिकायले वय लागते काय?"

ते गृहस्थ शेवटपर्यंत बसले होते म्हणतात.

पुढे सरांनी नियम केला : हजेरी ज्याने त्याने स्वतःचं नाव सांगून द्यायची. तिथे आमचं अडलं. गौरी बोलताना अडखळते, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावाला. शाळेत मुलं हसायची, म्हणून ती वर्गात बोलेनाशी झाली होती. दहावीनंतर शिकायचं नाही, असं तिनं आईला सांगूनही टाकलं होतं.

तिनं 'हजर' असं लिहून पाठवलं. सर म्हणाले, "लिहून नाही चालत. मी थांबलो." त्यांनी बाकी सगळ्यांचे माइक बंद केले. गौरीचा ग काही केल्या सुटेना. मला राहवलं नाही. मी वाकून म्हटलं, "गौरी हजर आहे, सर."

पडद्यावरचं माझं नाव वाचून सर म्हणाले, "प्रकाशराव, तुमची दहावी झाली ना? मंग तुम्ही काऊन बोलता?"

रोज असंच. तिची पाळी आली की सर फळा पुसत, चहाचा घोट घेत; पण पुढच्या नावाकडे जात नसत. 'सावकाश' म्हणत नसत आणि जमलं तर 'शाब्बास'ही नाही. कधी नाव यायचं, कधी ती फोन ठेवून उठून जायची. एक मुलगा कुरकुरला, "सर, लई टाइम जाते." सर म्हणाले, "तुले गणित सुटत नाही तवा थांबतो ना आपण?" हळूहळू गौरी उत्तरंही द्यायला लागली, तिच्या वेगाने.

शाळा उघडल्या, वर्ग संपला. अकरावीच्या वेळी मी तिला मोटरसायकलवर धामणगावला नेलं. ती आमची एकच भेट. पुढच्या उन्हाळ्यात सर गेले.

आम्ही गेलो त्या दिवशी सर ओट्यावर तूर निवडत बसले होते. डेटा वाचवायला मुलं कॅमेरा बंदच ठेवत, त्यामुळे त्यांनी ना तिला पाहिलं होतं ना मला. चष्मा वर करून म्हणाले, "कोन पायजे?"

गौरीने तोंड उघडलं. ग अडला. माझ्या जिभेवर नाव आलंच होतं, तेवढ्यात माझ्याकडे न बघता सरांनी हात वर केला. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी सर तूर तशीच हातात धरून तिच्याकडे बघत होते.

"गौरी," ती म्हणाली.

"हाव. बस."

ती बसली. मग तिने आपणहून पुढचं सुरू केलं : कॉलेज कोणतं, विषय कोणते, बस किती वाजता. बरंच लांब होतं ते. आम्ही दोघांनीही मध्ये तोंड घातलं नाही.