एवढ्याशा छेदाला सहा आठवडे

घरसामान हलवणाऱ्या त्या दोघा भावांत जिन्यावर धाकटा नेहमी खालच्या बाजूला असे. कपाट उतरवताना खरा भार खालच्यावर येतो, आणि थोरल्याने खाली राहायचे नाही, हा बापापासूनचा दंडक. अखेर धाकट्याच्या कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली. नितंबापासून पोटरीपर्यंत आग उतरे. डाव्या पायाचा अंगठा वर उचलेना. मणक्याजवळच्या इंजेक्शनाने काही काळ उतार पडला, इतकेच. मग डॉक्टरीणबाईंनी बोटाच्या पेराएवढ्या छेदातून दुर्बीण घालून चकतीचा निसटलेला तुकडा काढला. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी घरी आला.

तिथेच घात झाला. या धंद्यात दुखण्याची किंमत व्रणाच्या लांबीवर ठरते, आणि याच्या पाठीवर होती फक्त एक पट्टी.

आठवडा भरायच्या आत थोरला दारात हजर.

"ऊठ रे. लोखंडी कपाट आहे, तिसरा मजला."

"दादा, सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही."

"एवढ्याशा भोकाला? दाढी करताना मला याहून मोठं लागतं!"

धाकट्याची बायको आतून आली. "भावोजी, भोक बाहेरून लहान आहे. आत चकतीची चीर भरायचीय. पुन्हा तुकडा निसटला तर पाऊल लुळं पडेल. बाईंनी तुमच्यासमोर सांगितलंय."

"मी तेव्हा चहाला गेलो होतो."

थोरला मनाने प्रेमळ, असे सगळेच सांगतात. भावाच्या पावलाचा जुगार खेळताना ते प्रेम आडवे आले नाही, हेही खरे.

धाकटा भिंतीला धरून उठला. त्याने डावा अंगठा उचलून दाखवला. तो थरथरत वर आला. "हे आत्ता कुठे जमायला लागलंय. तुझ्या कपाटावरून ओवाळून टाकू? दुसरा माणूस बघ."

"दुसरा भरवशाचा नाही. जिन्यात सोडून देईल."

"मग त्याला वर ठेव. तू खाली राहा."

"आणि माझी पाठ गेली म्हणजे?" थोरला बोलून गेला.

म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते. इतकी वर्षे ठाऊक होते.

"नीघ," धाकटा म्हणाला.

थोरला वळला. पलंगावरची उशी जमिनीवर पडली होती. ती त्याच्या पाठीत हाणावी, असे धाकट्याला अनावर वाटले. पण वाकायला मनाई होती. बायकोने ती उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली.