बोटांनी ढकललेला बॉल
दारात बांधकामाची वाळू उतरली आणि त्या ओल्या वासानं सिंदफणा नदीचं पात्र आठवलं. मोबाईलवर परदेशातल्या मॅचेस बघत तिथंच मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं अनवाणी बीच व्हॉलीबॉल शिकलो. जोडीदार सारखा बजावायचा, "बोटानं ढकलू नको बे, ह्यात फाऊल हाय. मुठीनं मार." पण शाळेच्या मैदानावरच्या व्हॉलीबॉलमध्ये ते चालायचं, ती माझी सवय सुटेना. निवड चाचणीत शेवटच्या पॉइंटला मी बॉल बोटांनीच ढकलला, शिट्टी वाजली, आम्ही हरलो. गावात लोकांनी कसं हरलात विचारलं तेव्हा त्याच्यादेखत मी म्हणालो, "ह्याचाच हात चुकला." तो पायाची वाळू झाडत राहिला, पुन्हा नदीवर आला नाही. मघाशी वाळू हातात घेतली तर बोटं आपोआप मुठीत वळली. गावाला खरं मात्र मी अजून सांगितलेलं नाही.