बंद टेकडीवरून आलेली 'टुक'

माझी शाळा चौथीपर्यंत. अंगात येणं, करणी, असलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. म्हणूनच हे कुणाला सांगत नाही, लिहून ठेवते...

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही पहूरला राहायचो. माझ्या सुनंदाने जळगावला कॉलेजात असताना परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने बिनतारी सेटवर बोलायचं, लायसन काढलं. आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत पहिलंच! माघात तिचा हॅमवाल्यांचा ग्रुप अजिंठ्याच्या डोंगरात गेला. हातातल्या छोट्या सेटचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही, म्हणून मधल्या टेकडीवर त्यांनी रिपीटर ठेवला होता. तो आवाज झेलून पुढे फेकतो. बोलणाऱ्याने बटण सोडलं की मागून त्याची 'टुक' येते.

एक सेट तिने माझ्याजवळ ठेवला. "आई, नुसतं ऐकायचं हं. बोलायला लायसन लागतं."

"मी कुठली बोलते बाई!" परक्या माणसासमोर माझं तोंडच उघडत नसे.

दुपारी घराच्या धाब्यावर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालत होते. सेटमधून सुनंदा ओरडली, "दीपाला आग्या माश्या चावल्या! तिला श्वास घेता येत नाहीये. कुणी ऐकतंय का? ओव्हर."

टुक... कुणीच बोलेना. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा टुक...

पिठाने भरलेला हात बटणावर गेला. तोंडातून 'मी आहे'ऐवजी माझी माहेरची, धुळ्याकडची बोलीच निघाली — "मी शे, बेटा. बोल."

"आई?... तलावाकडच्या पायवाटेला जीप पाठव. डॉक्टरांना घेऊन!"

जीप शेजारच्या रशीदभाईंची. पदर खोचून धावले.

"भाभी, इतक्या वर्षांत आज आवाज ऐकला तुमचा!" ते म्हणाले, पण चप्पलही न घालता निघाले. वाटेत डॉक्टरांना घेतलं. दीपा वाचली.

संध्याकाळी सुनंदा परतली. मागोमाग टेकडीवरची दोन पोरं रिपीटरची पेटी घेऊन घरी आली. "काकू, माकडांनी सकाळीच वायरी तोडल्या. दिवसभर बंद होता हा."

डोंगरात सुनंदाच्या जवळपास सेट घेऊन असलेल्यांनाही तिची हाक ऐकू गेली नव्हती. एक पोरगा म्हणाला, हवेमुळे कधीकधी रिपीटरशिवायही लांबचं ऐकू येतं.

"मग ती टुक कुठून आली?" मी विचारलं. सुनंदानेही ऐकली होती. पोरं पुन्हा पेटीच्या तुटक्या वायरी बघू लागली.

"आई, लायसन नसताना बोललीस तू!" सुनंदा हसली.

"मग दे मला पोलिसात."

पुढे त्या ग्रुपमध्ये कुणी हाक मारली की पोरं आधी म्हणायची, "मी शे!" आणि मग आपली कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचा नंबर. ऐकून मी लाजेने आत पळायची... पण दारामागे उभी राहून ऐकायची.

माझा आवाज त्या दिवशी कुणी पोचवला, अजून कळलेलं नाही. पण बोलले मीच.