सहाव्या भागातली म्हातारी

परदेशी मालिका मराठीत बोलत्या करणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं येतं. उगाच नम्रपणाचा आव आणणार नाही. हुडकेश्वरच्या माझ्या घरातल्या आतल्या खोलीत, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधड्या टांगून, मी राजे, डॉक्टर, खुनी, भुतं अशा सगळ्यांच्या तोंडी मराठी घातली आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका अंतराळयानाची मालिका हाती आली. पहिल्या पाच भागांत लेखकांनी सरळ पाट्या टाकल्या होत्या. यंत्रमानव प्रवचनं झोडत होते, खलनायक हसायला लागला की थांबत नव्हता आणि यान दर भागात फुटता फुटता वाचत होतं. सातव्या भागापासून पुन्हा तेच. मधला सहावा भाग मात्र कुणीतरी जीव लावून लिहिला होता. त्यात लढाई नाही. यानाच्या तळाशी पंप दुरुस्त करणारी एक म्हातारी आहे. मुलीनं पृथ्वीवरून पाठवलेला निरोप तिला कित्येक वर्षांनी मिळतो. यान परत फिरणार नाही हे म्हातारीला चढतानाच माहीत होतं, मुलीला नव्हतं. ती उत्तर रेकॉर्ड करायला बसते आणि जवळजवळ अख्खा भाग एकटी बोलते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा पाहताना म्हातारी मला वऱ्हाडीत ऐकू यायला लागली.

आमचं काम मुंबईहून बघणाऱ्या साहेबांना मी फोन करून तसं सांगितलं. माणूस सज्जन, पण घाबरट.

"मॅडम, वऱ्हाडी ऐकलं की लोक हसतात," ते म्हणाले. "इथं प्रसंग गंभीर आहे."

माझं डोकंच फिरलं. लोक हसतात, कारण पडद्यावर आमची बोली नेहमी बावळट नोकराच्या तोंडी घातली जाते. आमच्याकडेही माणसं मरतात, संसार मोडतात, पोरी सातासमुद्रापार जातात, आणि ते सगळं आम्ही याच बोलीत सोसतो. हे मी त्यांना ऐकवलं. शेवटी ठरलं की मी नमुना पाठवायचा. पटला तर ठीक, नाहीतर म्हातारी पुस्तकी मराठी बोलणार. त्या एका भागासाठी मी बाकीचे सगळे सहन केले होते. तो मी हातचा जाऊ देणार नव्हते.

आवाज घरातच होता. कन्हानची माझी मावशी डोळे दाखवायला माझ्याकडे आली होती. उजव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही, दुसऱ्याला जपा, प्रवास टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची एकुलती एक मुलगी परदेशात. दर रविवारी फोनवर तिचा एकच धोशा, आई, इकडे ये.

मी कूलर बंद केला, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. मे महिन्याची दुपार, दोघीही घामाघूम. मावशीला वाचता येईना, म्हणून मी एकेक वाक्य सांगायचं आणि तिनं आपल्या बोलीत म्हणायचं, असं ठरलं. माईक समोर आला आणि जन्मभर मले-तुले करणारी ही बाई एकदम बातम्या द्यायला लागली. "प्रिय कन्ये, मला तुझा संदेश प्राप्त झाला."

"मावशी, असं काहून बोलून राहिली?"

"माईकवर चांगलं बोला लागते ना वं."

आमच्या माणसांची ही खोड माझ्या फार डोक्यात जाते. चारचौघांत जायचं म्हटलं की आपली बोली चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची. मी माईक उशीमागे लपवला, तिच्या पुढ्यात गव्हाची परात सरकवली आणि म्हटलं, "तू गहू निवड. निवडता निवडता पोरीशी बोल."

मग मात्र ती बोलली, आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, बसतो, येतो करत. "तुयी आठवण आली का मी पंप खोलून बसतो, काम नसलं तरी." म्हातारी यानातून उतरून आमच्या खोलीत येऊन बसली होती.

शेवटचं वाक्य मी मुळाबरहुकूम लिहिलं होतं, आता जाते. मावशीचा हात गव्हात थांबला.

"जातो असं कोणी म्हणते का? येतो म्हणा लागते."

"मावशी, ती परत येणारच नाही आहे."

मावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक खडा चांगल्या डोळ्याजवळ धरून पाहिला, बाजूला टाकला आणि म्हणाली, "येतो वं बाई. जेवत जाय वेळेवर."

जेवणाचं तर मी लिहिलंच नव्हतं. तरी तसंच ठेवलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. "कोणी हसणार नाही, मॅडम. हाच आवाज घेऊ या," ते म्हणाले. मला ते ठाऊकच होतं. मग ते जरा अडखळले. "फक्त शेवट बदलावा लागेल. निघताना येतो म्हणतात, कबूल. पण हिला पक्कं माहीत आहे की यान परत जात नाही. मग ती असं कसं म्हणेल?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि चांगलं लांबलचक होतं. पण मावशी आधी बोलली.

"तिले मालूम आहे जी. पोरीले काहून सांगायचं?"

साहेब म्हणाले, राहू द्या तसंच.

रविवारी मावशीच्या मुलीचा फोन आला. मावशीनं तिला उन्हाचं सांगितलं, गव्हाचं सांगितलं, यानातल्या म्हातारीचंही रंगवून सांगितलं. डोळ्याचं काही सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, "पुढच्या साली येतो वं बाई. जेवत जाय वेळेवर."