अंगठीचा कीस

नंदूने माझी अंगठी बदलली, असा आळ मी त्याच्यावर घेतला होता आणि तो खोटा होता. हे वाक्य तो जिवंत असताना बोललो असतो, तर आज लिहायची वेळ आली नसती. दीड महिन्यापूर्वी शाळेच्या ग्रुपवर त्याचा हार घातलेला फोटो आला. झोपेतच गेला म्हणे. खरं सांगतो, दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता अंगठीचं खरंखोटं कधीच कळणार नाही... मी असा माणूस आहे.

नंदू आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी बँकेत लागलो आणि तो सराफ्यातल्या बोळात वडिलांच्या जागेवर बसला. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. आमच्या घरातला प्रत्येक दागिना त्याच्याच हातचा. ही अंगठी मात्र सोन्याची नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. कुठल्याशा करड्या तुकड्यातून त्यांनी ती जेवणाच्या सुट्टीत कातली आणि आतल्या बाजूला टोकदार सुईने आईचं नाव कोरलं, 'शांता'. धातू कोणता, हे त्यांनाही माहीत नसावं. विचारलं की 'विमानाचा आहे' म्हणायचे आणि आम्ही हसायचो. दादांच्या मागे ती माझ्याकडे आली, पण माझ्या जाड बोटात दुसऱ्या पेरापुढे सरकेना.

नंदूने ती कसोटीवर घासली, तेजाबाचा थेंब टाकला, चुंबक लावून पाहिलं. कशालाच ती दाद देईना. तळहातावर झेलत तो म्हणाला, “सुध्या, चांदी नाय, लोखंड नाय. दिसती त्याच्या निम्मीबी भरत नाय. तुझ्या बापानं आणलं तरी काय होतं रे हे?” मग म्हणाला, कापून डाग देणं, म्हणजे तुकडा घालून सांधणं, हिच्यावर चालायचं नाही, आतून घासून मोठी करावी लागेल. मी फोनवर कुणाशी तरी बोलत होतो, मान हलवली. त्याने वजन करून चिठ्ठी हातात दिली आणि चार दिवसांनी बोलावलं.

चाराचे पंधरा दिवस झाले. एकदा न कळवता गेलो, तर अंगठी दुकानात नव्हतीच. कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. “आणतो की. पळून चाललोय का मी?” एवढंच बोलला. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. एरवी हा माणूस कारण नसताना सगळी कहाणी सांगणारा. विमानाचा धातू खरंच महाग असेल का? त्याला ते आधीच कळलं असेल का?

अंगठी परत मिळाली तेव्हा ती बोटात नीट बसली. पण हाताला हलकी लागली. आतून गुळगुळीत, आईचं नाव नाही. कुठे करून आणलीस, असं मी तीनदा विचारलं. “केली ना? बस की मग,” तो म्हणाला आणि गल्ल्याखालून एक कागदाची पुडी काढून माझ्यापुढे सरकवली. सोनार घासताना निघालेला कीस परत देतो, गिऱ्हाईक दागिना आणि कीस एकत्र तोलून बघतं, ही त्यांच्या धंद्याची रीत. मी पुडीला हात लावला नाही. “कीस काय, कशाचाही दाखवशील,” म्हणालो. त्याचा हात पुडीवर तसाच राहिला... मी पायरी उतरलो.

सिडकोतल्या बागेत आमचा सकाळचा कट्टा जमतो. तिथे मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. नाव घेतलं नाही, असं स्वतःला बजावत होतो. पण सराफ्यातला माझा शाळासोबती म्हटल्यावर नाव घ्यायचं काय उरतं? कट्ट्यावरच्या देशमुखांनी मुलीच्या लग्नाचे दागिने नंदूकडे टाकले होते, ते त्यांनी दुसरीकडे हलवले. मी ऐकलं आणि गप्प बसलो. वर्षभर त्या बोळातून गेलो नाही.

तेराव्यानंतर नंदूच्या बायकोचा, शैलावहिनींचा फोन आला. दुकानात त्या एकट्याच आवराआवर करत होत्या. त्यांनी तीच पुडी माझ्या हातात दिली. वर नंदूच्या अक्षरात 'सुध्या' आणि अंगठीचं मूळ वजन. वहिनींनी सांगितलं, की तो धातू त्याच्या कानशीला बधेना. शेवटी स्कूटरवरून शेंद्र्याला एका लेथवाल्याकडे गेला. अंगठी त्याच्याकडे सोडायची नाही म्हणून तीन खेपा घातल्या, मधल्या दिवसांत ती घरी कपाटात ठेवली, कीस झेलायला मशीनखाली स्वतः कागद धरून बसला. “चार पिढ्यांचा सोनार लेथवाल्याच्या दारात गेला, हे तुम्हाला सांगायची लाज वाटत होती त्यांना. दुसरं काय नाय.”

पुडीत करड्या धातूचे बारीक वळसे होते आणि लाखेचा एक तुकडा. लाखेवर काहीतरी उमटलेलं होतं. आरशात धरावं तसं उलटं 'शांता'. कातण्याआधी त्याने दादांच्या अक्षराचा ठसा घेऊन ठेवला होता.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. ती पुडी आणि अंगठी घेऊन मी दुसऱ्या पेठेतल्या एका सराफाकडे गेलो आणि लाखेचा तुकडा बाजूला ठेवून कीस आणि अंगठी एकत्र तोलायला लावली. मेलेल्या मित्रालाही मी तराजूत घातलं. काटा नंदूच्या चिठ्ठीवरच्या आकड्यावर येऊन थांबला.

मी तसाच परत गेलो आणि वहिनींपुढे हात जोडले. त्या कुलूप लावत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, “माझ्यापाशी कशाला, भाऊजी? जिथं बोलला होतात, तिथं जाऊन बोला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर सगळे होते, देशमुखही. मी बाकावर पुडी उघडून ठेवली. वारा होता, म्हणून एका हाताचा आडोसा धरला. त्यानेही मशीनखाली असाच हात धरला असेल.

“नंदूनं माझी अंगठी बदलली नव्हती,” मी म्हणालो. “मी त्याच्याबद्दल इथं बसून खोटं बोललो. देशमुख, तुम्ही माझ्या शब्दावर दागिने काढून घेतलेत, तो शब्द खोटा होता. त्याची माफी त्याच्याकडे मागायची राहिली. ती मी आज तुम्हा सगळ्यांसमोर मागतो.”